स्मृतीच्या तासाला जबाब लिहून घ्या

आरा, ओंडका, फळी, सुतार, रंधा, भुसा, सागवान, खिळा, दरवाजा, पलंग, कुऱ्हाड, पॉलिश. हे बारा शब्द वर्गात दीड-दोन सेकंदांच्या अंतराने, एकसुरी आवाजात वाचा. मग दोन मिनिटं हजेरी घ्या, फळा पुसा, काहीही करा, आणि नंतर आठवतील तेवढे शब्द लिहायला सांगा. नागपूरच्या लकडगंजमधल्या, आरा मशीनच्या आवाजात वाढलेल्या मुलांच्या वर्गात हा प्रयोग फार रंगतो. कुणीतरी ‘लाकूड’ लिहितंच, आणि तो शब्द यादीत नाही असं सांगितलं की भांडायला उठतं. सर, तुम्ही म्हणालात. मी ऐकलं.

ही युक्ती जेम्स डीझ यांनी 1959 मध्ये मांडली आणि हेन्री रॉडिगर व कॅथलीन मॅकडरमॉट यांनी 1995 मध्ये पुन्हा उजेडात आणली. त्यांच्या पहिल्या प्रयोगात न उच्चारलेला शब्द सुमारे 40 टक्के वेळा ‘आठवला’ होता. मानसशास्त्राच्या शिक्षकांना एक विनंती आहे. पुस्तकातली इंग्रजी यादी भाषांतर करून वाचू नका. शब्दांचे लागेबांधे भाषेबरोबर बदलतात, आणि मग प्रयोग फसला की मुलं म्हणतात, हे परदेशातलंच असतं. शेजारच्या वर्गात जा, ‘लाकूड’ म्हटल्यावर मनात येणारे पहिले पाच शब्द प्रत्येकाकडून लिहून घ्या आणि जे जास्त वेळा येतील त्यांची यादी करा. चिठ्ठ्यांवरचे शब्द मोजायचं कामही मुलांनाच द्या.

इथवर बहुतेक जण नीट शिकवतात. घोळ त्यानंतर होतो. यादी झाली, डोळ्यांसमोरून जाणारा गोरिला बघणाऱ्यांना दिसतच नाही तो व्हिडिओ दाखवला, प्रत्यक्षदर्शी साक्षीवर दोन परिच्छेद सांगितले आणि निष्कर्ष काय, तर ‘स्मृतीवर विश्वास ठेवता येत नाही’. अठरा वर्षांची मुलगी हे वाक्य घेऊन घरी जाते. पुढे तिच्या मैत्रिणीने एखादी तक्रार नोंदवली, तर हेच वाक्य त्या मैत्रिणीवर उलटवलं जातं: तुला नीट आठवत नाही, तुझ्या सांगण्यात फरक पडतो. आपण शिकवलेलं शास्त्र असं बोथट हत्यार होऊ द्यायचं नसेल, तर धडा साक्षीदाराच्या चुकांवर संपवून चालणार नाही.

गॅरी वेल्स यांनी 1978 मध्ये केलेली एक विभागणी इथे उपयोगी पडते. उजेड किती होता, अंतर किती होतं, हातात चाकू होता का, पाहायला किती सेकंद मिळाले, या गोष्टी कुणाच्याच हातात नसतात. पण प्रश्न कसा विचारला, जबाब कोणत्या शब्दांत उतरवला, ओळख परेडीत कोण कोण उभं केलं, साक्षीदाराने बोट दाखवल्यावर समोरच्याने मान हलवली का, हे सगळं व्यवस्थेच्या हातात असतं. मुलांना शिकवायचा भाग हा दुसरा आहे. त्यांना साक्षीदार करून हसू नका, जबाब लिहिणाऱ्याच्या खुर्चीत बसवा. पुढे त्यांतली बरीचशी समुपदेशक, शिक्षक, वकील, पत्रकार, कुणी पोलीसही होतील. प्रश्न विचारणं हा त्या सगळ्यांच्या कामाचा भाग असणार आहे.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. वर्गात एक प्रसंग घडवून आणावा लागतो. 1902 मध्ये बर्लिनमध्ये फ्रान्झ फॉन लिस्ट या कायद्याच्या प्राध्यापकाने व्याख्यानात दोन विद्यार्थ्यांचं खोटं भांडण आणि पिस्तूल असा प्रकार केला होता. पाठ्यपुस्तकांत तो मजेने सांगतात. तसलं काही करू नका. वर्गात कुणाच्या घरी खरी हाणामारी झालेली असू शकते, आणि कुणीतरी खाली बसून 112 लावेल ते वेगळंच. पाण्याचा कॅन आणणारा माणूस पुरतो. तास चालू असताना तो येतो, दारात थबकतो, भरलेला कॅन कोपऱ्यात ठेवतो, रिकामा उचलतो, वहीवर तुमची सही घेतो, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतो आणि जातो. तीस-चाळीस सेकंद. तुम्ही शिकवणं थांबवायचं नाही. प्राचार्य आणि दारावरचा चौकीदार यांना आधी कल्पना द्या. सत्राच्या सुरुवातीलाच मुलांकडून लेखी संमती घ्या की यंदा काही प्रयोग न सांगता होतील, आणि ज्याला नको त्याने वेगळं सांगावं. हे एकदाच करायचं काम आहे, टाळू नका.

दुसऱ्या दिवशी प्रश्नपत्रिका वाटा, दोन प्रकारच्या, मिसळून. एकीत प्रश्न असेल, ‘त्या माणसाच्या टोपीचा रंग कोणता होता?’ दुसरीत, ‘त्याच्या डोक्यावर काही होतं का?’ टोपी नव्हतीच. पहिल्या पत्रिकेत निळी, काळी, लाल अशा टोप्या उगवतात. त्या कुठून आल्या हे मुलांनी स्वतः शोधायला हवं, म्हणून दोन्ही पत्रिका शेजारी ठेवून वाचायला सांगा आणि तुम्ही गप्प बसा.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा 1974 चा प्रयोग याच ठिकाणी आणा, आधी नाही. 45 विद्यार्थ्यांना अपघाताच्या त्याच त्या फिती दाखवल्या आणि प्रश्नातलं फक्त क्रियापद बदललं. जोरदार क्रियापद ऐकलेल्यांनी सरासरी वेग ताशी 40 मैलांच्या वर सांगितला, तर सौम्य क्रियापदवाल्यांनी 32 मैलांच्या आसपास. पुढच्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच कुठेच नव्हती. जोरदार शब्द ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांनी ‘हो’ म्हटलं, सौम्य शब्दवाल्या 50 पैकी 7 जणांनी. वर्गात करायला खऱ्या अपघाताचे व्हिडिओ शोधू नका. टेबलावर खेळण्यातल्या दोन गाड्या एकमेकींवर सोडा आणि अर्ध्या वर्गाला विचारा, ‘गाड्या आदळल्या तेव्हा धक्का एक ते दहांपैकी किती जोराचा होता?’ उरलेल्यांना ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा’.

मराठीत प्रश्न विचारताना एक सोय आहे, तिच्याकडे आपण लक्ष देत नाही. ‘तो कुठून आला?’ असं विचारलं की पुरुष आला होता आणि एकटाच आला होता, हे दोन्ही आपण सांगून टाकलं. ‘कोण आलं होतं? काय झालं?’ असं नपुंसकलिंगी विचारलं तर काहीच सांगितलं जात नाही. हिंदीत ही वाट नाही, ‘कौन आया था’ म्हणताना पुल्लिंग येतंच. नागपुरात अर्धी चौकशी हिंदीत चालते, तेव्हा मुलांकडून दोन्ही भाषांत निरुपद्रवी प्रश्न तयार करून घ्या. ‘जो दिसलं, जो सुना, सब बताइए’ असली मिश्र वाक्यंही चालतील. आपल्या भागात लोक तसंच बोलतात.

यानंतरचा जबाब लिहून घेण्याचा तास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जोड्या पाडा. एक साक्षीदार, एक लिहिणारा. साक्षीदाराने आपल्या घरच्या भाषेत बोलायचं. लकडगंजच्या वर्गात ती हिंदी, वऱ्हाडी, गुजराती, मारवाडी, छत्तीसगढी यांतली कोणतीही असू शकते. लिहिणाऱ्याने मात्र पोलिसी मराठीत लिहायचं. मुलगा सांगतो, ‘अरे वो दुबला-सा था, काला टाइप का शर्ट, कॅन रखा और निकल गया.’ कागदावर उतरतं: ‘सदर अनोळखी इसम अंगाने सडपातळ, रंगाने सावळा, उंची अंदाजे साडेपाच फूट, काळ्या रंगाचा शर्ट परिधान केलेला.’ दुबला-सा सडपातळ झाला, ते चालेल. ‘काला टाइप का’ मधली शंका गेली. आणि सावळा कुठून आला? साडेपाच फूट कुठून आले? वर्णनाच्या साच्यात रंग आणि उंचीची जागा रिकामी होती म्हणून आले. तो साचा फळ्यावर लिहा: बांधा, रंग, उंची, चेहरा, पोशाख, बोलीभाषा. मग जबाब मोठ्याने वाचून साक्षीदाराला विचारा, बरोबर आहे का? बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. आठवड्याने त्याच साक्षीदाराला पुन्हा माणसाचं वर्णन विचारा आणि ‘सावळा’ त्याच्या स्वतःच्या तोंडून येतो का ते पाहा.

कायद्याची बाजू दोन वाक्यांत सांगता येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 180 खाली पोलीस साक्षीदाराचा जबाब नोंदवतात आणि कलम 181 प्रमाणे त्यावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही. न्यायालयात सरतपासात सूचक प्रश्नांना आक्षेप घेता येतो, पण आठवण सगळ्यात ताजी असते त्या ठाण्यातल्या टेबलापाशी आक्षेप घेणारं कुणी बसलेलं नसतं. त्याच कलम 180 मध्ये जबाब ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा आहे. वर्गातही लिहिणाऱ्याच्या शेजारी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि नंतर कागद व आवाज यांचा ताळा घ्या. त्यात पोलिसांना झोडपू नका. मीही तिथे बसलो असतो, रात्री अकरा वाजता, पुढे सहा माणसं उभी असताना, तर साचाच भरला असता.

लिहून घेण्याची चांगली पद्धतही शिकवायला हवी, नाहीतर मुलं फक्त चुका काढायला शिकतात. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइसेलमन यांनी विकसित केलेल्या बोधनिक मुलाखतीतल्या तीन-चार गोष्टी पुरतात. आधी त्या जागेत मनाने परत जाऊ द्या: कुठे बसला होतात, पंख्याचा आवाज येत होता का. मग सलग बोलू द्या आणि मध्ये तोंड घालू नका. ‘अंदाजाने सांगू नका, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा’ हे आधीच बजावा. शेवटी उलट्या क्रमाने सांगायला लावा. यात सगळ्यात कठीण पडतं ते गप्प बसणं. विद्यार्थ्यांना चार सेकंदांची शांतता सहन होत नाही. घड्याळ लावून सराव घ्या.

साक्षीदारांचं आपसात बोलणं हा वेगळा प्रकार. टेलिफोन एक्स्चेंज चौकात दुचाकी घसरली तर पोलीस येईपर्यंत तर्री-पोह्याच्या गाड्यापाशी सगळी हकीकत ठरून गेलेली असते. फिओना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये जोडीतल्या दोघांना एकाच प्रसंगाचे थोडे वेगळे व्हिडिओ दाखवले. नंतर आपसात बोललेल्यांपैकी 71 टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेला, जोडीदाराने पाहिलेला तपशील आपला म्हणून सांगितला. कॅनवाल्याच्या प्रसंगानंतर अर्ध्या वर्गाकडून मधल्या सुट्टीआधीच लिहून घ्या, अर्ध्यांकडून सुट्टीनंतर. एवढंच.

ओळख परेड वर्गात करता येते, पण फोटोंवर, आणि फोटो ओळखीच्या कुणाच्या इन्स्टाग्रामवरून उचलायचे नाहीत. दुसऱ्या महाविद्यालयातल्या किंवा नात्यातल्या माणसांकडून परवानगीने घ्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या ‘क्रिमिनल मॅन्युअल’मधल्या सूचनांप्रमाणे एका संशयितासाठी परेडीत निदान अर्धा डझन तशाच दिसण्याचे लोक असावेत, परेड दंडाधिकाऱ्याने घ्यावी आणि पोलिसांनी तिथे थांबू नये. म्हणजे चांगल्या परेडीची बरीच अक्कल आपल्या कागदावर आधीपासूनच आहे. वर्गासाठी दोन संच करा, एकात कॅनवाला आहे, एकात नाही. निम्म्यांना सांगा, ‘यांतला कोणता?’ निम्म्यांना सांगा, ‘तो यात असेल किंवा नसेलही.’ फोटो दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर माहीत असता कामा नये.

बोट दाखवल्याबरोबर खात्री किती टक्के, ते लिहून घ्या. मग निम्म्यांना सहज म्हणा, ‘छान, बरोबर ओळखलंस.’ दहा मिनिटांनी विचारा, ओळखलं तेव्हा किती खात्री होती? शाबासकी मिळालेल्यांचा आकडा वर सरकतो, आणि तो आपण वाढवला हे त्यांना कळत नाही. वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी 1998 मध्ये हेच दाखवलं होतं. इथे एक घाई टाळा. ‘खात्रीला काही अर्थ नाही’ असं सांगू नका. नीट घेतलेल्या परेडीत, अगदी पहिल्या वेळी सांगितलेली खात्री बऱ्यापैकी उपयोगाची असते, असं जॉन विक्स्टेड आणि वेल्स यांनी 2017 मध्ये पुरावे मांडून दाखवलं आहे. किंमत पहिल्या वेळेची, नंतरच्याची नाही.

आणि इथेच कायदा व मानसशास्त्र यांची तोंडं वेगळ्या दिशांना आहेत. आपल्याकडे परेडीतली ओळख हा मूळ पुरावा मानला जात नाही, न्यायालयात साक्ष देताना केलेली ओळख हा मूळ पुरावा आणि परेड ही त्याला पुष्टी. सर्वोच्च न्यायालयाने मलखानसिंग खटल्यात 2003 मध्ये हे स्पष्ट केलं. पण न्यायालयात आरोपी कुठे बसतो हे सगळ्यांना दिसत असतं, आणि मधल्या काळात वर्तमानपत्रं निघालेली असतात. 26/11 च्या मुंबई हल्ल्यात सेबॅस्टियन डिसोझा यांनी सीएसएमटीवर टिपलेला कसाबचा फोटो घराघरांत पोचला. त्या खटल्यात फोटो होते, आरोपी जिवंत पकडला गेला होता, म्हणून फारसं अडलं नाही. असा आधार नसता, तर साक्षीदाराला चेहरा फलाटावरून आठवतो की पहिल्या पानावरून, हे कसं ठरवणार? पदवीच्या वर्गात यावर वाद लावा. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं आहे. डोनाल्ड थॉमसन या ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञाला एका पीडित स्त्रीने हल्लेखोर म्हणून ओळखलं होतं. तो त्या वेळी दूरचित्रवाणीवर थेट कार्यक्रमात होता आणि तिचा टीव्ही सुरू होता. ही गोष्ट मुलं विसरत नाहीत.

लकडगंजमध्ये शिकवताना 2014 चा खटला कुणीतरी काढणारच. 1 सप्टेंबर 2014 ला इथून आठ वर्षांच्या मुलाचं शाळेतून परतल्यावर घराजवळून अपहरण झालं आणि त्याचा खून झाला. सत्र न्यायालयाने दोघांना फाशीची शिक्षा सुनावली, नागपूर खंडपीठाने ती 2016 मध्ये कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने अरविंद सिंह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात एप्रिल 2020 मध्ये ती जन्मठेपेत बदलली, 25 वर्षं सवलतीविना. मुलाला नेणारा माणूस वडिलांच्या दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांसारखा टी-शर्ट घालून आला होता, हा त्यातला तपशील स्मृतीच्या अभ्यासकाला थांबवतो: गणवेश दिसला की डोळे चेहरा सोडून ‘ओळखीचा माणूस’ एवढंच नोंदवतात. दोषसिद्धी मात्र परिस्थितिजन्य पुराव्याच्या साखळीवर टिकली, एकट्या डोळ्यांवर नाही, आणि हे मुलांना आवर्जून सांगा. अकरावी-बारावीत हा विषय तुम्ही होऊन काढू नका. ते कुटुंब, ती शाळा, तो रस्ता वर्गातल्या काहींच्या ओळखीचा आहे. पदव्युत्तर वर्गात निकालपत्र वाचायला द्या, पण नक्कल, नाट्यीकरण अजिबात नको. भावनेपोटी सगळ्यांना बोलतं करण्याचा हट्टही नको.

त्यापेक्षा सगळ्यांना चालेल असा मजकूर आहे भरवाडा भोगीनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात राज्य, 1983, न्यायमूर्ती एम. पी. ठक्कर. लैंगिक अत्याचाराच्या त्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की साक्षीदाराकडून फोटोसारख्या स्मरणशक्तीची अपेक्षा करता येत नाही, मनात चित्रफीत पुन्हा चालत नाही, प्रसंग अचानक अंगावर येतो, वेळेचा अंदाज ढोबळच असतो आणि उलटतपासाच्या दडपणाखाली माणूस न कळत रिकाम्या जागा भरतो. म्हणून किरकोळ विसंगतीवरून साक्ष फेकून देऊ नये. मुद्दे नाव न सांगता फळ्यावर लिहा आणि विचारा, हे कुठल्या पुस्तकातलं? बहुतेक जण मानसशास्त्राचं एखादं नाव घेतात. स्मृतीच्या मर्यादा साक्षीदाराच्या बाजूनेही मांडता येतात, हे इथे जितकं पटतं तितकं आणखी कुठे पटत नाही.

सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात बहुतेक सुनावण्या खुल्या असतात. अख्खा वर्ग नेऊ नका, चार-पाच जणांना न्या, मोबाइल बंद, गणवेश नको. लैंगिक गुन्ह्यांच्या सुनावण्या बंद दाराआड असतात, तिकडे फिरकू नका. मुलांनी एवढंच करायचं: उलटतपासातला प्रत्येक प्रश्न खुला होता, बंद होता की सूचक होता, याच्या खुणा करायच्या. खटल्यातल्या माणसांची नावं लिहायची नाहीत.

परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी अर्ध्या पानाचा एक जबाब द्या, तुम्हीच रचलेला, ‘सदर इसम’वाला. कोणते तपशील साक्षीदाराचे वाटतात आणि कोणते साच्याचे, ते खुणा करून दाखवायचं आणि त्याच साक्षीदारासाठी पाच प्रश्न नव्याने लिहायचे. प्रश्नांना गुण जास्त ठेवा. उत्तरात नुसतं ‘साक्षीदार खोटं बोलत असावा’ लिहिलं असेल तर शून्य द्या आणि समासात लिहा की फितूर होणं वेगळं, चुकीचं आठवणं वेगळं. पैसे किंवा धाक यांमुळे फिरलेल्या साक्षीदाराला खरं काय ते माहीत असतं. सावळा रंग मनापासून सांगणाऱ्याला ते माहीत नसतं, म्हणून त्याच्यापुढे ठेवायचे प्रश्नही वेगळे असतात.